शाळांच्या लॅबचं नवं कर्नल: डीफॉल्ट कॉन्फिगमधून जुन्या फाइल सिस्टम काढूया का?

कृष्णाकाठ (सांगली), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

शाळांच्या लॅबसाठी आपण जी लिनक्सची इमेज देतो, तिचं नवं कर्नल (सिस्टमचा गाभा) या महिन्यात बांधायचं आहे. कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही ते ठरवणारी कॉन्फिगची फाइल सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. २०११ साली एका डिस्ट्रोची (लिनक्सच्या तयार वितरणाची) फाइल उचलली आणि तेव्हापासून तीच पुढे नेत आलो. दर वेळी जुनी फाइल ठेवायची, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवायचं, आणि नव्या प्रश्नांना कर्नलवाल्यांनी ठरवलेलं उत्तर आपोआप जाऊ द्यायचं. परवा पहिल्यांदाच फाइल सिस्टमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींचा, भाग वरपासून खालपर्यंत ओळ न् ओळ वाचला. मिनिक्स, यूएफएस, क्यूएनएक्स-४, एचपीएफएस, ओएमएफएस, ईएफएस, एएफएफएस. सगळ्यांपुढे 'एम'. म्हणजे या प्रत्येकाचं मॉड्यूल तयार होऊन प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मशीनवर जाऊन बसलंय. बावीस वर्षं मशीनं उघडतोय, पण यातली एकही फाइल सिस्टम मला जिल्ह्यात कुणाच्या डिस्कवर भेटलेली नाही.

माझं मत आधीच सांगतो: हे सगळं 'एन' (नको) करावं. पण ते करायच्या आधी एक गोष्ट इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण गेल्या महिन्यात माझ्याच हातून चूक झाली.

गणपती पेठेत एक हळदीची पेढी आहे, माझे जुने गिऱ्हाईक. २००४ मध्ये दुसऱ्या कुणीतरी त्यांना सुसे लिनक्सचा सर्व्हर बसवून दिला होता. त्या काळी सुसेची डीफॉल्ट फाइल सिस्टम रायझरएफएस असायची, त्यामुळे डेटाचं पार्टिशनही (डिस्कचा वेगळा केलेला भाग) रायझरचंच. सौद्यानंतर शेतकऱ्याला जी पट्टी दिली जाते, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई लिहिलेली, तिची प्रत्येकी एक छोटी फाइल. अशा लाखभर तरी असतील. पुढे मशीन दोनदा बदललं, डिस्क बदलली, पण दोन्ही वेळा पार्टिशन जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवलं गेलं. आत काय आहे ते पुन्हा कुणी बघितलंच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्याच्या आदल्या रात्री मालकांनी आणि दोन हमालांनी ते मशीन माळ्यावर चढवलं. खालच्या वह्या सगळ्या गेल्या. पट्ट्या फक्त या डिस्कवर उरल्या.

गेल्या महिन्यात मी त्या मशीनचं कर्नल ६.१२ वरून पुढच्या आवृत्तीवर नेलं. नेहमीचीच पद्धत, जुनी कॉन्फिग आणि ओल्डडेफकॉन्फिग. मशीन चालू झालं, पण पट्ट्यांचं पार्टिशन माउंट होईना, म्हणजे उघडेना. 'अननोन फाइलसिस्टम टाइप'. मालक शेजारी उभे होते. मला आधी वाटलं डिस्क गेली.

डिस्क ठणठणीत होती. रायझरएफएस कर्नलमधून गेली होती, ६.१३ पासून, जानेवारी २०२५ मध्ये. माझ्या कॉन्फिगमध्ये तिची ओळ होती, पण ज्या नावाचा पर्यायच कर्नलमध्ये उरलेला नाही ती ओळ ओल्डडेफकॉन्फिग गुपचूप गाळून टाकतं. विचारत नाही, सांगत नाही.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. २०२२ च्या ५.१८ पासून प्रत्येक वेळी हे पार्टिशन माउंट झालं की कर्नल आपल्या लॉगमध्ये छापत होतं, की ही फाइल सिस्टम कालबाह्य ठरवली आहे आणि २०२५ मध्ये काढली जाईल. तीन वर्षं छापत होतं. त्या मशीनची देखभाल माझ्याकडे आहे. मी ते वाचलं नाही.

तर दोन प्रश्न. लॅबच्या कर्नलमधून काय काय काढायचं? आणि काढायच्या आधी, ज्यांच्या डिस्कवर असलं काही आहे त्यांच्यापर्यंत आपण कसं पोचायचं?

विश्रामबाग, शनिवार, रात्री १०.१५

काका, पट्ट्या परत मिळाल्या का? ते आधी सांगा.

कृष्णाकाठ, शनिवार, रात्री १०.२२

६.१२ चं कर्नल परत चढवलं, माउंट झालं. पण अजून हलवलेलं नाही. घाईत काही करायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तर इथे आलो.

आमराई (सांगली), शनिवार, रात्री ११.०५

मी लॅब सांभाळणारी शिक्षिका, कर्नल बांधणारी नाही. त्यामुळे साधा प्रश्न विचारते. 'एम' म्हणजे गरज पडली तरच लोड होणारं मॉड्यूल ना? मग नुसतं डिस्कवर पडून असलेलं मॉड्यूल कुणाचं काय बिघडवतं? जागा तर काही केबीची. आमच्याकडे मुलं घरून, सायबर कॅफेतून, मामाच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणतात. उद्या एखादा उघडला नाही तर मला वर्गासमोर उत्तर द्यावं लागतं. 'चालत नाही' हे उत्तर त्या मुलाला फार लागतं, कारण प्रोजेक्ट त्याच्यातच असतो.

आणि जुन्या म्हणताय त्यात फॅट येते का? ती तर फारच जुनी आहे.

माहुलीसंगम (सातारा), रविवार, सकाळी ७.३०

आमराई ताई, तुमच्या प्रश्नातच सगळा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं रोजचं काम छोट्या उपकरणांसाठी कर्नल बांधायचं, त्यामुळे ही बाजू मला जवळून दिसते.

'गरज पडली तर' हे ठरवतं कोण? तुम्ही नाही, मुलगाही नाही. पेन ड्राइव्ह लावला की डेस्कटॉपमागे बसलेला प्रोग्राम त्यावरच्या खुणा बघतो, ही अमुक फाइल सिस्टम आहे असं ओळखतो आणि कर्नलला माउंट करायला सांगतो. कर्नलकडे तो ड्रायव्हर आधीपासून नसेल तर ते त्या नावाचं मॉड्यूल स्वतःच ओढून घेतं. समोर बसलेल्या माणसाला पासवर्डसुद्धा विचारला जात नाही. म्हणजे कुठलं मॉड्यूल लोड व्हायचं हे पेन ड्राइव्हवर कुणी काय लिहून ठेवलंय त्यावर ठरतं.

आता तो ड्रायव्हर १९९० च्या दशकात लिहिलेला. लिहिणाऱ्याने धरलं होतं की डिस्कवरची माहिती खरी आहे. अमुक ठिकाणी लांबी लिहिलीय ४०, तर ती ४० च असणार. मुद्दाम तिथे खोटा आकडा लिहिलेली डिस्क त्याच्यासमोर ठेवली की तो मेमरीत भलतीकडे वाचतो किंवा लिहितो. आणि हा कोड कर्नलच्या आत चालतो. तिथे चूक झाली की अख्खं मशीन समोरच्याच्या हातात. गूगलची सिझबॉट नावाची यंत्रणा रात्रंदिवस अशा बिघडवलेल्या इमेज कर्नलला खाऊ घालत असते आणि फाइल सिस्टमच्या ड्रायव्हरांमधले दोष सतत बाहेर काढते. ज्यांना सांभाळणारी माणसं आहेत तिथे ते दुरुस्त होतात. ज्यांना कुणी नाही तिथे तो अहवाल जाहीरपणे तसाच पडून राहतो, कुणीही वाचावा असा. म्हणून 'पडून असलेलं मॉड्यूल' निरुपद्रवी नाही. लॅबमध्ये तर अजिबात नाही, जिथे दिवसाला पन्नास पेन ड्राइव्ह लागतात.

सुसेने हे काही वर्षांपूर्वीच ओळखलं. त्यांनी मॉड्यूलं ठेवली, पण अशा बऱ्याच फाइल सिस्टमचं आपोआप लोड होणं बंद केलं. ज्याला हवं त्याने स्वतः हाताने चालू करावं. उबुंटू कमी लागणारी मॉड्यूलं वेगळ्या पॅकेजात ठेवते. रेड हॅट तर आपल्या कर्नलमध्ये यातलं बरंचसं बांधतच नाही. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही आहोत.

फॅटचं: नाही हो, फॅट काढायचा विचारसुद्धा नको. ती १९७७ च्या आसपासची, या यादीतल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठी. पण ती रोज वापरात आहे, तिच्याकडे लक्ष देणारी माणसं आहेत, आणि यूईएफआयचं (नव्या पद्धतीने चालू होणारं) मशीन ज्या पार्टिशनवरून चालू होतं ते फॅटचंच असतं. जुनी आणि बेवारस या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याला बेवारस काढायच्यात.

विश्रामबाग, रविवार, सकाळी १०.४०

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला हे पटत नाही. माहुलीसंगम सरांचं सुरक्षेचं म्हणणं बरोबर आहे, पण उपाय दुरुस्तीचा हवा, काढून टाकायचा नको. मी मिनिक्सचा ड्रायव्हर वाचून फाइल सिस्टम शिकलो. लहान आहे, दोन दिवसांत संपतो. एक्सटी४ (लिनक्सची आजची नेहमीची फाइल सिस्टम) उघडून बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. शिवाय मोकळ्या सॉफ्टवेअरचं वचनच हे नाही का, की कुठलीतरी कंपनी उठून तुमची फाइल मेली म्हणून सांगणार नाही? हळदीच्या पेढीचं जे झालं तेच तर व्हायला नको होतं.

माहुलीसंगम, रविवार, सकाळी ११.२०

मुद्दा मनापासून मांडलास, त्याचं उत्तरही तसंच देतो.

दुरुस्ती कोण करणार? ड्रायव्हर नुसता पडून राहत नाही, त्याला चालतं ठेवावं लागतं. माउंट करायची पद्धत २०१९ मध्ये बदलली. मेमरीतली पानं हाताळायची पद्धत २०२२ पासून फोलिओ नावाच्या नव्या रचनेकडे सरकते आहे. असा प्रत्येक बदल करणाऱ्याला सगळ्या फाइल सिस्टमच्या कोडमध्ये हात घालावा लागतो, रायझरमध्येसुद्धा. आणि बदल बरोबर झाला का हे तपासायला ती रोज वापरणारं कुणी नाही. म्हणजे न तपासलेला बदल, एकावर एक. रायझरचा डेटा ज्यात उद्या बिघडू शकेल असा ड्रायव्हर ठेवणं हे त्या पेढीवर उपकार नाहीत. ती माउंट होते आणि गुपचूप चुकीचं लिहिते, यापेक्षा 'माउंट होत नाही' हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं.

सुसेचे यान कारा यांनी हे काम ज्या पद्धतीने केलं ते बघ. २०२२ मध्ये आधी विचारणा झाली, कोण वापरतंय? मग कालबाह्य म्हणून खूण केली, तारीख सांगितली. २०२३ मध्ये वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या डीफॉल्ट कॉन्फिगमधून रायझर काढायचे पॅच (कोडमधले बदल) आले. आणि मग ६.१३ मध्ये कोड गेला, तीस हजारांवर ओळी. आधी डीफॉल्टमधून, मग कर्नलच्या कोडमधून. या दोहोंच्या मध्ये जो काळ मिळतो तो आपल्यासारख्यांसाठी असतो. आणि ६.१२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिच्या सोर्समध्ये रायझर आहेच. गिटमधून, म्हणजे कोडच्या जपलेल्या इतिहासातून, तर ती कधीच जाणार नाही. कुणी तुझ्याकडून कोड काढून घेतलेला नाही.

मिनिक्स तू वाचलास ते उत्तमच केलंस. ती वाचायला सोर्स लागतो. लॅबच्या चाळीस मशीनांवर तिचं मॉड्यूल लागत नाही. आभासी मशीनमध्ये तुझं स्वतःचं कर्नल बांध आणि तिथे 'वाय' (हवं) कर.

मोडीचा_वाचक (सातारा), रविवार, दुपारी १.१०

मी तंत्रज्ञ नाही. निवृत्तीनंतर लोकांचे जुने कागद वाचून देतो, जमिनीचे, वतनाचे, देवस्थानाचे. मुलगा हा धागा वाचत होता, त्याने दाखवला. थोडं लिहू का?

माझ्या आजोबांच्या पिढीत मोडी शाळेत शिकवत. मग शाळेतून गेली. आज सातवीतल्या मुलाला मोडी येत नाही आणि त्यावाचून त्याचं अडतही नाही. तुमच्या भाषेत ती डीफॉल्टमधून गेली. पण कागद राहिलेच. घरोघरी फडताळात, कापडात बांधलेले. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आमच्यासारखे काही वाचक आहेत, त्यामुळे वाट बंद झालेली नाही. सगळ्यांना मोडी शिकवा असं मी कधी म्हणणार नाही. पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक उशिरा येतात. कागदाला कसर लागल्यावर, ज्या काकांना मजकूर तोंडपाठ होता ते गेल्यावर. लिपी गेल्यामुळे त्यांचं नुकसान झालं नाही. आपल्या घरात मोडी कागद आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, त्याने झालं.

पेढीच्या गोष्टीत मला तेच दिसलं.

कृष्णाकाठ, रविवार, दुपारी १.३५

काका, तुम्ही माझा दुसरा प्रश्न माझ्यापेक्षा नीट मांडलात. आपल्या घरात काय आहे हे माहीत नसणं. पेढीच्या मालकांना रायझर हा शब्दही माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही. कर्नलच्या लोकांनी इशारा छापला. तो गणपती पेठेत पोचवायचं काम माझं होतं.

बेदाणा (तासगाव), रविवार, दुपारी २.००

मग आमी कसं वळखायचं आमच्या मशीनवर कुठली हाय ते? कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात एक लिनक्सचा सर्व्हर हाय, बसवणारा पुण्याला गेला, आता फोन उचलत न्हाई. बेदाण्याच्या आवक-जावकीचा सगळा हिशेब त्यात हाय.

माहुलीसंगम, रविवार, दुपारी २.२०

दादा, टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके' लिहा, एक मोकळी जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि छोटा 'एफ' द्या. प्रत्येक पार्टिशनपुढे फाइल सिस्टमचं नाव येईल. त्याने काही बदलत नाही, नुसतं दिसतं. फोटो काढून इथे टाका.

नाव काय येतं त्यावर पुढचं. एक्सटी४ आलं तर निर्धास्त. एक्सटी३ आलं तरी घाबरू नका, तिचा वेगळा ड्रायव्हर २०१५ मध्येच ४.३ मधून गेला आणि तेव्हापासून एक्सटी४ चाच ड्रायव्हर ती चालवतो. एक्सटी२ चंही तेच, तिचा स्वतःचा ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.९ पासून कालबाह्य म्हणून नोंदला आहे, पण एक्सटी४ चा ड्रायव्हर ती वाचतो.

फक्त एक. जुन्या एक्सटी२, एक्सटी३ वर इनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) बहुधा १२८ बाइटचा असतो, त्यात वेळ ३२ बिटांत बसवलेली. ती १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. ड्रायव्हर कुठलाही असो. एक्सटी२ चा ड्रायव्हर कालबाह्य ठरण्याचं हे एक कारण आहेच. २०३८ लांब वाटतं, पण कृष्णाकाठ यांची कॉन्फिग २०११ पासून चालत आलीय, पेढीचं पार्टिशन २००४ पासून. आपल्याकडे मशीनं तेवढी जगतात.

हरिपूर, रविवार, दुपारी ४.५०

कृष्णाकाठ दादा, पट्ट्या हलवायच्या आधी हे वाचा. डेटा वाचवायचं काम मी बरीच वर्षं करतोय.

आमच्या गावात हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) होती. २००५ च्या पुरात बरीच गेली. माझे चुलते सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. झाकण काढून हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तर माणूस उतरायचा. बंद जागेत साठलेली हवा माणूस मारते. जुनी डिस्क उघडताना मला दर वेळी ते आठवतं.

पहिलं, मूळ डिस्कवर काही चालवायचं नाही. 'डीडीरेस्क्यू'ने तिची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या. माउंट 'फक्त वाचण्यासाठी' केलं तरी भागतं असं समजू नका, जर्नलवाल्या (बदलांची नोंदवही ठेवणाऱ्या) फाइल सिस्टम माउंट होताना अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण करायला बघतात, म्हणजे डिस्कवर लिहिलं जाऊ शकतं. इमेजची आणखी एक प्रत करा आणि त्या प्रतीवर काम करा.

दुसरं, रायझरची तपासणी करायची असेल तर 'चेक' एवढंच करा. 'रीबिल्ड ट्री' नाही. ते अख्खी डिस्क चाळून जे जे रायझरचं वाटेल ते गोळा करून झाड (फाइलींचा आतला आराखडा) नव्याने उभं करतं. आत कुणी दुसऱ्या रायझर पार्टिशनची इमेज फाइल म्हणून ठेवली असेल, तर त्या फाइलमधलंही उचलून तुमच्या खऱ्या डेटात मिसळतं. पार्टिशनं जशीच्या तशी उतरवत आलात म्हणता, म्हणजे अशी इमेज आत कुठेतरी असायची शक्यता दाट.

तिसरं, ६.१२ चं कर्नल आभासी मशीनमध्ये चालवा, नेटवर्क बंद ठेवून. इमेज तिथे माउंट करा आणि 'आरसिंक'ने एक्सटी४ वर उतरवा. लाखभर छोट्या फाइल आहेत, एक्सटी४ वर जागा जास्त लागेल, दचकू नका. रायझर छोट्या फाइलींची शेपटं एकाच ब्लॉकमध्ये बसवायची, अर्धी-अर्धी पोती एकात ओतावीत तशी. तिथे प्रत्येक फाइलीला स्वतःचा ब्लॉक लागेल. नवी फाइल सिस्टम बनवताना इनोडची संख्या वाढवून घ्या, नाहीतर जागा असून फाइल मावणार नाहीत.

चौथं, दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले ताळ्याचे आकडे) जुळवा. ते जुळल्याशिवाय मालकांना 'झालं' म्हणू नका.

आमराई, रविवार, संध्याकाळी ६.१५

माझं मत बदललं. काढा. पण मग लॅबमध्ये नेमकं काय राहणार ते लिहून द्या, मी भिंतीवर लावते.

कृष्णाकाठ, रविवार, रात्री ८.३०

ताई, मी आज बसून ठरवलं ते असं. एक्सटी४ राहील, तीच २ आणि ३ वाचेल. पेन ड्राइव्हसाठी फॅट, एक्सफॅट आणि विंडोजच्या डिस्कसाठी एनटीएफएस-३, जो २०२१ मध्ये ५.१५ ला आला. एनटीएफएसचा जुना ड्रायव्हर ६.९ मध्ये गेलाच आहे. सीडी-डीव्हीडीसाठी आयएसओ ९६६० आणि यूडीएफ, कारण शाळांकडे जुन्या शैक्षणिक सीडी आहेत. स्क्वॉशएफएस पण ठेवतोय. सुरक्षेच्या काही प्रसिद्ध मार्गदर्शक याद्या ती बंद करा म्हणतात, पण आपली लाइव्ह इमेज तिच्यावरच चालते.

मिनिक्स, यूएफएस, दोन्ही क्यूएनएक्स, एचपीएफएस, ईएफएस, ओएमएफएस, बीएफएस, एडीएफएस, क्रॅमएफएस 'एन'. अमिगाची एएफएफएस पण 'एन'. ती जगात कुणीतरी वापरतं आणि सांभाळतं हे मला माहीत आहे, पण आपल्या लॅबमध्ये अमिगा नाही. जेएफएस 'एन'.

अडलोय एचएफएस प्लसपाशी. मिरजेच्या एका स्टुडिओतून मुलं मॅकच्या डिस्क आणतात.

तंतुवाद्य_मिरज, रविवार, रात्री ९.०५

आम्ही तानपुऱ्यांची रेकॉर्डिंगं मॅकवर करतो, जुन्या डिस्क सगळ्या एचएफएस प्लसच्या आहेत. त्या शाळेत उघडल्या नाहीत तरी चालेल, मी एक्सफॅटवर देईन. पण वाजवणाऱ्यांची जुनी रेकॉर्डिंगं आहेत, त्यातले काही जण आता नाहीत. ती पण हलवायला हवीत का?

माहुलीसंगम, रविवार, रात्री ९.४०

घाई नाही, पण हो. एचएफएस प्लसची गोष्ट आशेची आहे. बरीच वर्षं ती अनाथ होती आणि काढायची चर्चा चालू होती. २०२५ मध्ये काही जणांनी पुढे येऊन तिची देखभाल स्वीकारली. उलट बीकॅशएफएस बघा, अगदी नवी, जानेवारी २०२४ मध्ये ६.७ ला कर्नलमध्ये आली आणि ६.१८ मध्ये बाहेर गेली. वयाचा संबंध नाही, मागे कोण कसं उभं आहे त्याचा आहे.

लॅबसाठी मी म्हणेन: एचएफएस प्लसचं मॉड्यूल बांधा, पण आपोआप लोड होणं बंद ठेवा. ताईंना दोन ओळींची आज्ञा लिहून द्या. लागेल तेव्हा त्या स्वतः चालू करतील, त्यांना माहीत असेल की आपण काय उघडतोय आणि डिस्क कुणाची आहे. आणि विश्रामबाग, एचएफएस प्लसला माणसं हवी आहेत. सिझबॉटचे अहवाल सगळ्यांना खुले आहेत. एक उचल. मिनिक्स वाचलीयस, म्हणजे तयारी आहे.

विश्रामबाग, रविवार, रात्री ११.५०

सर, एक अहवाल वाचला. चूक कुठे होते ते बहुतेक कळलं. पॅच कसा पाठवायचा ते शिकवाल का?

माहुलीसंगम, सोमवार, सकाळी ७.०५

शनिवारी साताऱ्याहून येतोय. लॅपटॉप घेऊन ये.

कृष्णाकाठ, गुरुवार, रात्री १०.१०

पट्ट्या हलल्या. हरिपूर दादांनी सांगितलं तसंच केलं. इमेजला एक रात्र लागली, डिस्कवर सात सेक्टर खराब निघाले, ते मोकळ्या जागेत होते. आत खरंच २००९ सालची जुन्या पार्टिशनची एक इमेज फाइल म्हणून पडलेली सापडली. रीबिल्ड ट्री चालवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. सगळे चेकसम जुळले.

मालकांनी २००६ ची एक पट्टी उघडायला सांगितली. उघडली, आणि अक्षरं गिचमिड. मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला. फाइल पूर्ण आहे, पण तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही. त्यांच्या मुनिमांकडे जुन्या फ्लॉपीत आहे म्हणतात. म्हणजे अजून एक पेव उघडायचं राहिलंय. कन्व्हर्टरचा धागा वेगळा काढतो.

बेदाणा, शुक्रवार, सकाळी ९.२५

फोटो टाकलाय. रायझर न्हाई. एक्सएफएस लिवलंय. मशीन सेंटओएस ७ चं हाय. बरं का वाईट?

माहुलीसंगम, शुक्रवार, सकाळी ९.५०

एक्सएफएस चांगली आहे दादा, पण तिचीही जुनी मांडणी जायच्या वाटेवर आहे. आता 'एक्सएफएस_इन्फो' लिहून पुढे पार्टिशनच्या जागेचं नाव द्या. येईल त्यात 'सीआरसी' शब्द शोधा. त्याच्यापुढे १ असेल तर मांडणी नवी. ० असेल तर चौथी आवृत्ती. तिचा पर्याय सप्टेंबर २०२५ पासून कर्नलच्या डीफॉल्टमध्ये बंद आहे आणि सप्टेंबर २०३० मध्ये पूर्ण काढायचं ठरलेलं आहे. सेंटओएस ७ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डीफॉल्ट ० च असायचं. जागच्या जागी बदलता येत नाही, उतरवूनच घ्यावं लागतं.

बेदाणा, शुक्रवार, सकाळी १०.१५

शून्य हाय.

कृष्णाकाठ, शुक्रवार, सकाळी १०.२०

दादा, मशीन बंद करू नका, काही अपडेट करू नका. परवा रविवारी मी तासगावला येतो, रिकामी डिस्क घेऊन. हरिपूर दादा, तुम्हाला जमेल का?

हरिपूर, शुक्रवार, सकाळी १०.४५

येतो. दोन डिस्क घ्या, एक नको.